हंस आला तेव्हा

कावळा शिवला.

हे वाक्य वाचणाऱ्याने जिथून उचललं तिथे परत ठेवावं. असं काही झालेलं नाही. झालं असतं तर कुणीतरी पाहिलं असतं, आणि कुणीही पाहिलेलं नाही. तेव्हा आपण आपलं सकाळपासून सुरू करू.

मार्गशीर्षातली सकाळ होती. म्लान, मौन, मंदप्रकाश. कृष्णेच्या पात्रावर धुक्याचं धूतवस्त्र अजून वाळत पडलं होतं, आणि सूर्य पूर्वेच्या उंबऱ्यावर, लग्नघरी फार लवकर पोचलेल्या पाहुण्यासारखा, आत यावं की नाही अशा संकोचात उभा होता. पाणी राखाडी. पायऱ्या राखाडी. पायऱ्यांवर उकिडवी बसलेली माणसंही राखाडी, जणू ती घाटातूनच रात्रीतून उगवली होती.

फक्त पाण्याच्या जवळ, ओल्या पायरीवर, दर्भाच्या पिवळसर शय्येवर भाताचा एक पिंड ठेवला होता. शुभ्र, शांत, तिलांकित. त्या अवघ्या धूसर जगात तेवढीच एक पांढरी गोष्ट होती, आणि त्या सगळ्या डोळ्यांना तेवढंच एक काम होतं.

आप्पा टेंब्यांचा तो दहावा होता.

पहिले नऊ दिवस माणसं रडतात, जेवतात, पुन्हा रडतात, आणि मधल्या वेळात गेलेल्याच्या चांगुलपणाबद्दल जरा जास्तच बोलतात. दहावा दिवस बघण्याचा. ज्या पक्ष्याला वर्षभर खिडकीतून हाड-हूड करायचं, त्याच्यापुढे या दिवशी हात जोडायचे. तो झाडावरून उतरेल, पिंडाला चोच लावेल, म्हणजे गेलेला तृप्त होऊन गेला. नाही उतरला, तर काहीतरी राहिलंय. मग घरच्यांनी मोठ्याने एकेक वचन द्यायचं, आणि ज्या वचनाला कावळा उतरेल, ती त्याची इच्छा. माणूस असताना विचारायचं राहून जातं. मग ते असं पक्ष्याकडून तपासून घ्यावं लागतं.

पलीकडे करंजाच्या काळपट फांद्यांवर कावळे बसले होते. कृष्णवर्ण, कृष्णनेत्र, कृष्णातीरवासी. पंगतीत मान मिळाला नाही म्हणून रुसलेल्या व्याह्यांसारखे ते बसले होते, आणि कुणीतरी येऊन समजूत काढण्याची वाट बघत होते.

"आप्पा, तुमची स्कूटर विकणार नाही," शेखर म्हणाला. आप्पांचा हा थोरला. डोकं नुकतंच भादरलेलं, कमरेला ओला पंचा, दातांवर दात.

एका कावळ्याने पंख खाजवला.

"तुमचा रेडिओ दुरुस्त करून आणतो. आजच."

दुसऱ्याने मान वळवली. दुसरीकडे.

"मधूकाकाशी बोलायला लागतो."

"मी कुठे बोलत नाही म्हटलंय?" मागच्या पायरीवरून मधूकाका दुखावल्या स्वराने म्हणाले, आणि कुणीतरी त्यांना गप्प केलं.

कावळे हलले नाहीत. धुकं हललं नाही. पिंडावरचा काळा तीळ पिंडावरच राहिला. पिंडाच्या पांढरेपणावर एक बारीक, दयाळू ऊन येऊन बसलं, आणि लगेच उठून गेलं.

"अरे, तो जिवंतपणी तरी एका हाकेत कधी आला होता?" माईआत्या म्हणाल्या. आप्पांची ही धाकटी बहीण. दुःखातही तिच्या जिभेची धार बोथटत नसे. "आंघोळीला चार हाका लागायच्या. आता तर काय, सवडच सवड."

नाना गुरुजींनी दर्भाच्या काड्या वळायला घेतल्या होत्या. खरा कावळा नाहीच आला तर दर्भाचा करायचा, त्याची चोच लावायची, आणि घरी जायचं. शास्त्र दयाळू असतं. शास्त्रालाही उशीर होत असतो.

आणि या सगळ्यांच्या थोडी बाजूला, सगळ्यांच्या थोडी खाली, पाण्याच्या श्वासाइतकी जवळ, कुंदा बघत होती.

कुंदा आप्पांची मुलगी. लग्न केलेलं नाही, घर सोडलेलं नाही, केस रंगवलेले नाहीत. ती बघत होती तसं घाटावर दुसरं कुणीच बघत नव्हतं. बाकीचे पिंडाकडे बघत, मग घड्याळाकडे बघत, मग एकमेकांकडे. कुंदा फक्त पिंडाकडे. पापणी लवायची ती घाईघाईने, चोरून, जणू पापणीला रजा मंजूर झालेली नव्हती.

कारण तिच्यापाशी एक वाक्य होतं. ते शेखरला माहीत नव्हतं, गुरुजींना नव्हतं, माईआत्यांना थोडंसं होतं. ते तिने जन्मात उच्चारलं नव्हतं. आज ती ते उच्चारणार होती, आणि उच्चारल्यावर काय होतं ते आपल्या डोळ्यांनी बघणार होती. कावळा उतरला तर आप्पांनी ऐकलं. नाही उतरला तर नाही. एवढा सरळ हिशोब तिच्या आयुष्यात पूर्वी कधी आला नव्हता.

ते वाक्य एका मांजराबद्दल होतं.

फार जुनी गोष्ट. कुंदा कॉलेजात होती, सडपातळ, सतेज, स्वप्नांधळी. राज्य नाट्यस्पर्धेची प्राथमिक फेरी होती, आणि ती शापित राणी झाली होती. तिसऱ्या अंकात राणीचं एक लांबलचक स्वगत होतं. त्या स्वगतासाठी तिने महिनोन्महिने भिंतींचा छळ केला होता. पडद्याच्या फटीतून तिने पाहिलं, पहिल्या रांगेत आप्पा बसले होते. इस्त्रीचा कोट. हातात कार्यक्रमपत्रिका, उलटी धरलेली.

दिवे मंदावले. निळा झोत तिच्या मस्तकावर आला. प्रेक्षागृह श्वास रोखून बसलं. राणी बोलू लागली, आणि बोलता बोलता तिला स्वतःलाच कळलं की आज होतंय. आज ते होतंय. शब्द तिचे राहिले नाहीत. ती शब्दांची झाली.

आणि डाव्या विंगेतून एक मांजर आलं.

पिवळं, पट्टेदार, शेपटी भालदाराच्या दंडासारखी उभी. ते राजमहाल ओलांडून मधोमध आलं, निळ्या झोतात बसलं, एक पाय आभाळाकडे केला, आणि चाटू लागलं.

शेकडो डोळे एका हिसक्यात राणीवरून उठले आणि मांजरावर जाऊन बसले. हसू आधी मागच्या रांगांतून आलं, मग मधल्या, मग पुढच्या. राणीने पाहिलं. पहिल्या रांगेत आप्पा हसत होते. तोंडभर, मोकळे, दाढा दिसेपर्यंत. राणीच्या डोळ्यांत त्या क्षणी खरं पाणी आलं होतं. अभिनयाचं नव्हे, खरं. अख्ख्या स्पर्धेत तेवढं एकच खरं पाणी. ते कुणी पाहिलं नाही, कारण मांजराने तेव्हाच दुसरा पाय घेतला.

"छान झालं हो तुझं," घरी आल्यावर आप्पा म्हणाले. "ते मांजर मात्र..." आणि पुन्हा हसले.

कुंदा नंतर रंगमंचावर गेली नाही. आणि आप्पांशी ती बोलली नाही असं नाही. चहा ठेवलाय. गोळी घेतलीत का. सिलिंडर संपला. एका छपराखाली दोन माणसं, मधे एक मांजर. ते मांजर केव्हाच मेलं असणार. पण त्या घरात ते जगलं, वाढलं, म्हातारं झालं, आणि आप्पा गेले त्या सकाळीही त्यांच्या दोघांच्या मधोमध बसून पाय चाटत होतं.

"कुंदे," माईआत्या हळूच म्हणाल्या, "तुझं काही राहिलं असेल तर बोल बाई. त्या स्कूटरने काही तो यायचा नाही."

कुंदाने हात जोडले. ओठ कोरडे झाले होते, नदी इतकी जवळ असून. पिंडावरची नजर तिने आणखी घट्ट केली, दावणीची गाठ ओढून बघावी तशी.

"आप्पा," ती म्हणाली, "मांजराचं मी सोडून दिलं."

एवढंच. तिला वाटलं होतं, हे वाक्य फार मोठं असेल. बाहेर आल्यावर ते अगदीच लहान निघालं, दह्याच्या वाटीएवढं. आणि तिला आत कुठेतरी टोचलंही, की हे पूर्ण खरं नाही. हे आपण कावळ्यासाठी म्हणतोय. सोडून दिलं म्हणजे, देऊ. बघू. तो उतरू तर दे.

करंजाच्या फांदीवर एक कावळा पुढे सरकला.

त्याने मान खाली केली. पंख किंचित उचकटले.

आणि वरच्या वळणावरून हंस आला.

धुकं दुभंगलं आणि तो दिसला. विशाल, विमल, वक्रग्रीव. एका लहानशा खोलीएवढा हंस, चकचकीत पांढरा, नारिंगी चोचीचा, डोळ्यांवर लांबच लांब काळ्या पापण्या रंगवलेला. वरच्या अंगाला बंधाऱ्याजवळ बाग आहे. त्या बागेतल्या पायडलच्या नावेची साखळी कशी कोण जाणे सुटली होती, आणि ती नाव, तो हंस, एकटाच निघाला होता. आत कुणी नव्हतं. दोन रिकाम्या खुर्च्या होत्या, आणि पायडलं आपली आपणच सावकाश फिरत होती, जणू दोन अदृश्य माणसं निवांत गप्पा मारत चालवत होती. गळ्यात झेंडूचा सुकलेला हार. आणि तो उलटा येत होता. शेपटी पुढे, मुख मागे, जिथून आलो तिकडे एकटक बघत.

"अगं बाई!" कुणीतरी म्हणालं.

आणि घाटावरचा एकूणएक डोळा उठला.

नाना गुरुजींचा मंत्र एका जोडाक्षराच्या मधोमध थांबला. वरच्या पायरीवर न्हाव्याचा वस्तरा थांबला, आणि शेखरचा चुलतभाऊ अर्धं डोकं शोकाकुल आणि अर्धं नेहमीचं असा वळून बघू लागला. मधूकाका उठून उभे राहिले. मोबाइल वर आले, एकामागून एक, सूर्यफुलांसारखे. घाटावरचं कुत्रं बघू लागलं. झाडावरचे व्याही रुसवा विसरून बघू लागले, एक सोडून. हंस आला, हंस गिरक्या घेत आला, हंस घाटासमोर येऊन क्षणभर थबकला आणि त्याने आपलं पोट दाखवलं. त्यावर सुबक लाल अक्षरांत लिहिलं होतं: आपल्या वस्तूंची काळजी स्वतः घ्यावी.

कुंदानेही वाचलं.

तिने ठरवलं नव्हतं. तिला कुणी विचारलं नव्हतं. डोळ्याच्या कोपऱ्यात काहीतरी पांढरं हललं, आणि घट्ट बांधलेली तिची नजर, दावं तोडलेलं वासरू धावतं तशी, मागे न बघता धावली. मान नंतर वळली. मन तर त्याहून नंतर. तिने तो हंस पाहिला. त्याच्या पापण्या पाहिल्या, हार पाहिला, फिरणारी पायडलं पाहिली. आणि तिच्या चेहऱ्यावर, दहा दिवसांत पहिल्यांदा, हसू आलं. मोकळं. दाढा दिसतील असं.

त्याच वेळी तिच्या पाठीमागे, दर्भाच्या शय्येवर, जे घडलं ते घडलंच नाही असं आपण ठरवलेलं आहे.

हंस पुढे गेला. धुक्याने त्याला शेपटीपासून गिळत आणलं. शेवटी नुसती मान उरली, मग नुसती पापणी. पाण्यावर एक लांब सुरकुती राहिली, आणि तीही नदीने तळहाताने पुसावी तशी पुसून टाकली.

मग सगळे वळले.

दर्भ विस्कटला होता. पायरीवर चार-दोन शितं होती. एक तीळ. पिंड नव्हता.

घाटावर अशी शांतता पसरली, जी फक्त एखादी मोठी चूक सगळ्यांनी मिळून केल्यावरच पसरते.

"शिवला!" शेखर म्हणाला.

"कुणी पाहिला?" माईआत्यांनी विचारलं.

शेखरने गुरुजींकडे पाहिलं, गुरुजींनी न्हाव्याकडे, न्हाव्याने अर्ध्या डोक्याकडे. कुत्रं पायरीवरून निघालं होतं, जीभ फिरवत. पण ते कुत्रं नेहमीच जीभ फिरवत असे, त्यावरून काही सिद्ध होईना. करंजावर कावळे बसलेले होते. सगळे सारखे. सगळ्यांच्या चोची काळ्या, आणि एकाच्याही चेहऱ्यावर काही नाही.

"शिवला पाहिजे, एवढंच शास्त्रात आहे," नाना गुरुजी म्हणाले आणि अर्धवट वळलेला दर्भाचा कावळा त्यांनी पाण्यात सोडून दिला. "पाहिला पाहिजे असं नाही."

"आणि कुत्र्याने नेला असेल तर?"

"तर कुत्र्याचं भलं होवो. मला पुढे दोन ठिकाणी जायचंय, माई."

मोबाइल तपासले. कुंदाने स्वतः एकेक हातात घेऊन पाहिला. हंस होता. सगळ्यांत हंस होता. डावीकडून, उजवीकडून, मधूकाकांच्या अंगठ्यासकट. एकात खालच्या कोपऱ्यात दर्भाचं टोक दिसत होतं, आणि दर्भावर एक सावली येत होती. पंखाची असेल, शेपटीची असेल. तेवढ्यात चित्र हललं, आणि पुन्हा हंस. केवढा सुरेख हंस.

माणसं उठली. पंचे पिळले गेले, तांबे उचलले गेले. शेखर तिच्याजवळ आला. "झालं, ताई," तो म्हणाला. थोरला असून तो तिला ताई म्हणत असे, लहानपणी कुणीतरी चुकीचं शिकवलेलं त्याने कधी सुधारलं नव्हतं. "सुटले आप्पा. कशाने का होईना." आणि तो पायऱ्या चढून गेला, हलका होऊन, कारण त्याला स्कूटरही विकता येणार होती.

माईआत्या थांबल्या. गुडघ्यावर हात ठेवून त्या एक पायरी चढल्या आणि तिथेच उभ्या राहिल्या.

"मांजर दिसलं की काठी उचलायचा तो," त्या म्हणाल्या. "पार अंगणाच्या बाहेर घालवायचा. म्हटलं, अरे दादा, मुकं जनावर आहे, काय घेतंय तुझं? तर म्हणायचा, पोरीला आवडत नाही."

कुंदाला ती काठी आठवली. दाराआड उभी असायची. तिला वाटे, दुधासाठी.

"चल गं," आत्या म्हणाल्या.

"तुम्ही व्हा पुढे."

घाट रिकामा झाला. धुकं विरलं. उशिरा आलेला सूर्य एकदाचा आत आला आणि कुणी नाही असं पाहून पायऱ्यांवर बसला. नदी चकाकू लागली. निरर्थक, निर्मम, नितांतसुंदर.

कुंदा त्या रिकाम्या दर्भाकडे बघत होती. इतकी वर्षं तिला वाटत आलं होतं की त्या संध्याकाळी आप्पांनी निवड केली: इकडे मुलगी, तिकडे मांजर, आणि त्यांनी मांजर निवडलं. आता तिला कळलं की निवड झालीच नव्हती. डोळ्यांना लेक कळत नाही, बाप कळत नाही, पिंड कळत नाही. डोळ्यांना फक्त जे नसायला हवं ते कळतं. राजमहालात मांजर. दहाव्याला हंस. आपण दुःखात डोळे रोवून बसलेलो असतो, आणि ते आपल्या परवानगीवाचून उठतात, जातात, बघून येतात, आणि परत आल्यावर आपल्यालाच सांगतात की इथे काही उरलेलं नाही.

ती हसली होती. तिला स्वतःचं ते हसणं आठवलं आणि ते कुणासारखं होतं तेही कळलं.

आणि मग, पिंड नसलेल्या पायरीपाशी, कावळे उडून गेलेल्या झाडासमोर, तिने मांजराचं खरोखर सोडून दिलं. आवाज झाला नाही. आत एक गाठ होती, ती सुटून पडली, एवढंच. ते आता पूर्ण खरं होतं. मघाशी बोललेलं वाक्य हेच होतं, अक्षर न अक्षर हेच. पण मघाशी ते उष्टं होतं, आणि तेच आप्पांना पोचलं असेल तर पोचलं असेल. हे ताजं, हे खरं, हे उशिरा पिकलेलं, आता ठेवायला जागा नव्हती.

कुंदाची सगळी नोकरी पाणीपुरवठा कार्यालयात गेली होती. कुणापुढे काही मागायचं तर तिला एकच भाषा येत असे. ती उभी राहिली. पदर नीट केला. समोर वाहत्या पाण्याशिवाय कुणी नव्हतं, म्हणून तिने पाण्यालाच उद्देशून, स्पष्ट आवाजात, मधे न अडखळता म्हटलं:

"सविनय सादर. आज सकाळी या पायरीवरून गेलेला एक क्षण, संबंधितांची नजर जागेवर नसल्यामुळे, न पाहताच पुढे पाठवण्यात आला आहे. त्यात संबंधितांचा हेतू नव्हता. तरी सदर क्षण, आहे त्या स्थितीत, त्यातील पिंड, पक्षी व वडील यांसह, परत याच पायरीवर आणून ठेवण्याची तजवीज व्हावी. तो जितका वेळ होता तितकाच असावा, वाढवून मिळू नये. अर्जदार या खेपेस एकच वाक्य बोलेल, आणि दुसरीकडे बघणार नाही. कळावे, ही विनंती."